इनुईसाहेब जेवतात कुठे?

जपानातल्या आमच्या नारा गावात बाहेरून आलेल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात, हरीण आणि जेवण. हरीण आपण होऊन अंगावर येतं. जेवण कुठे मिळतं ते मात्र इनुईसाहेबांना विचारावं लागतं.

सारुसावा तळ्याच्या कडेला प्रवाशांना माहिती देणारं एक टेबल असतं, त्यावर निळी छत्री आणि मागे दोन खुर्च्या. एका खुर्चीत कोणी ना कोणी बदलता स्वयंसेवक, दुसरीत गेली अकरा वर्षं इनुई तोमोहारू. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर पोस्टात खिडकीवर बसून लोकांची पार्सलं तोलली, म्हणजे साहेब ते कधीच नव्हते. पण उन्हाळ्यातसुद्धा टाय लावतात आणि 'नमस्कार' हा शब्द ठसा मारल्यासारखा म्हणतात, म्हणून आम्ही दुकानदार मंडळी त्यांना साहेब म्हणतो. त्यांना ते आवडतं. आवडत नाही असं ते दाखवतात.

देवळांबद्दल कोणी विचारलं तर ते छापील पत्रक पुढे सरकवतात. 'जेवायला कुठे जावं?' असं विचारलं की मात्र टाय सरळ करतात. आधी समोरच्याचे बूट बघतात. बूट दमलेले असतील तर जवळचं दुकान. मग चेहरा. नुकतंच भांडण झालेलं जोडपं असेल तर त्यांना गरम उदोनकडे, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांकडे पाठवायचं, तोंड भाजलं की माणसं गप्प बसतात आणि गप्प बसली की समेट होतो. सासू-सून असतील तर पर्सिमन फळाच्या पानात गुंडाळलेली सुशी, कारण पानं सोडवण्यात हात गुंतलेले राहतात. आणि म्हातारी, शांत, पोटाला जपणारी माणसं दिसली की माझ्याकडे. गेली वीस वर्षं मी नारामाचीच्या एका बोळात चहातली पेज करून घालते. सात खुर्च्या, अकरा ते तीन. पेज, लोणचं, एखादी भाजी, संपलं.

साहेबांनी स्वतःच्या हातानं एक नकाशा काढलाय. त्यात सव्वीस दुकानं आहेत. मी चौदावी. माझ्या चौकटीत त्यांनी लिहिलंय, 'फुसाएबाईंची पेज. गावात सर्वांत उत्तम. लोणचं तोंडात विरघळतं.' आलेला माणूस पहिला घोट घेतो आणि म्हणतो, "त्या काकांनी सांगितलं होतं अगदी तशीच आहे हो." आणि मी लाजते.

एक मात्र होतं. साहेबांनी स्वतः माझ्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सुरुवातीला मला वाटे, मी बाजारात गेले असताना येऊन जात असतील. विचारलं तर म्हणायचे, "अहो, परवाच तर आलो होतो!" मग गल्लीतल्या दुकानदारांच्या सभेत उदोनवाल्या योनेदाने मला विचारलं, "साहेब रोज दुपारी तुझ्याकडेच असतात ना?"

"माझ्याकडे? मला वाटलं तुझ्याकडे असतात."

"माझ्याकडे कुठले! मला तर म्हणाले, परवाच आलो होतो."

सभेत सगळ्यांनी हिशेब जुळवून पाहिला. सव्वीस दुकानं आणि सव्वीस परवा. माणूस एकाही ठिकाणी जेवला नव्हता. रोज साडेबाराला ते सायकलवर टांग मारायचे आणि ताकाबाताकेच्या चढावर घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवायचे. शेचाळीस वर्षं. सकाळी पेज, दुपारी सकाळचं उरलेलं. दुकानांची पारख ते बाहेर येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघून करत. माणूस दातांतून काडी फिरवत हळूहळू चालत असेल तर दुकान चांगलं, भराभर चालत असेल तर वाईट. आणि हसू नका, अकरा वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे आपल्याला माहीत नाही.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आपलं ते चारचौघांत वाईट म्हणायचं. मी वाटी पुढे ठेवते तेव्हा 'काही विशेष नाही, गोड मानून घ्या' म्हणते. ती वाटी करायला मी पहाटे उठलेली असते, तरीही. मुलगा परीक्षेत पहिला आला तर आई म्हणते, 'मठ्ठ आहे हो, नशिबानं झालं.' नवऱ्यानं बायकोची तारीफ बाहेर करणं म्हणजे तर रस्त्यात कपडे काढण्यासारखं. सगळ्यांना ठाऊक असतं की उलटं बोलतोय, ऐकणारा मनातल्या मनात सुलटं करून घेतो. गाव असं हजार वर्षं नीट चाललंय.

मोबाइलला मात्र हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. टेबलापुढे एक उंच, लाल गालांची परदेशी बाई उभी होती. तिच्या मोबाइलमध्ये एक बाई होती, ती इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करून मोठ्या गोड आवाजात बोलायची. साहेबांनी तिला दोन दुकानं सांगितली. तिनं कौतुकानं विचारलं, "आणि तुम्ही स्वतः कुठे जेवता?"

साहेब आमच्या पद्धतीनं म्हणाले, "मी? मी आपला घरीच. बायको करते ते काय, माणसाच्या तोंडात घालण्यासारखं नसतं."

मोबाइलनं ते जसंच्या तसं सांगितलं. लाल गालांची बाई पांढरी पडली. मग ती बोलली आणि मोबाइल रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ऐकून मला फार वाईट वाटलं. तुमच्या पत्नीला स्वयंपाक येत नाही आणि तुम्ही इतकी वर्षं सहन करत आहात. कृपया हे खा." आणि तिनं पिशवीतून सुशीचा डबा काढून त्यातली एक साहेबांपुढे धरली.

पाहुण्यानं दिलेलं नाकारायचं नसतं. साहेबांनी पान सोडवलं, सुशी तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात, आणि ते म्हणाले, "वा! काय चव आहे!"

मोबाइलनं तेही सांगितलं. बाईनं टाळ्या वाजवल्या.

तिच्या मागे किनुएताई उभ्या होत्या. साहेब चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला आल्या होत्या.

किनुएताई म्हणजे साहेबांची बायको. बुटक्या, नीटनेटक्या, देवळाच्या अंगणात माझ्याबरोबर झाडलोटीला येतात. मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. तेव्हाही बोलल्या नाहीत. चष्मा टेबलावर ठेवला, परदेशी बाईला वाकून म्हणाल्या, "यांच्यावर उपकार केलेत," आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब जेवायला बसले तर पुढ्यात वाटी नव्हती. त्या जागी घडी घातलेला नकाशा होता. त्यांनी स्वतः काढलेला.

"हे काय?"

"सव्वीस दुकानं आहेत," किनुएताई म्हणाल्या. "पोटभर जेवा."

हे मला किनुएताईंनीच झाडताना सांगितलं. मी म्हटलं, "ताई, अहो, बोलायची पद्धत असते. माझा नवरा जिवंत होता तेव्हा मला म्हैस म्हणायचा लोकांसमोर."

"पद्धत मला कळते गं. बाहेर वाईट म्हणाले त्याचं नाही काही. वाईट म्हणायचंच असतं." झाडू थांबला. "पण त्या सुशीला म्हणाले ना, 'वा, काय चव आहे'. तो शब्द त्यांना येतो हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, स्वभाव आहे, चव कळत नाही बिचाऱ्यांना. शेचाळीस वर्षं मी तशीच समजूत करून घेतली. आणि येतो की त्यांना!"

मी पानं गोळा करायला लागले.

"गोजोला हिसाको एकटी आहे," त्या म्हणाल्या. हिसाको त्यांची धाकटी बहीण, गोजो गावात पर्सिमनची बाग आहे तिची. "तोडणी सुरू झालीय, मदत हवीय तिला. कायमची ये म्हणते. घर मोठं आहे. रविवारी जातेय मी."

"परत कधी येणार?"

"बघू."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. हेही मोबाइलला बरोबर सांगता आलं नसतं.

इकडे साहेबांचे हाल. साऱ्या जगाला जेवायची जागा दाखवणाऱ्या माणसाला जेवायला जागा नव्हती. सव्वीसपैकी कुठल्याही दुकानात गेले असते तर 'पहिल्यांदाच आलात वाटतं?' या एका वाक्यानं अकरा वर्षांची अब्रू गेली असती. म्हणून ते कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे थंड लाडू घ्यायचे आणि बागेतल्या बाकावर बसून खायचे. तिसऱ्या दिवशी हरणानं लाडू पळवला. पाचव्या दिवशी नकाशा खाल्ला. त्यांची पारखही बिघडली. मांस न खाणाऱ्या जोडप्याला त्यांनी गोमांसाच्या दुकानात पाठवलं, आणि एका भांडलेल्या जोडप्याला थंड शेवयांकडे. ती दोघं शेवया खाता खाता इतकी भांडली की योनेदाला शेजारच्या दुकानात ऐकू आलं.

मी मुद्दाम टेबलापाशी गेले. "साहेब, ताई रविवारी चालल्यात."

"हो. पर्सिमनची तोडणी आहे."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"म्हणालो ना."

"काय?"

"स्टेशनवर बॅग मी घेईन म्हणालो."

असा माणूस. डोक्यात टपली मारावी की पाठीवरून हात फिरवावा, कळेना.

रविवारी साडेबाराच्या सुमाराला मी ताट पुसत होते, तर बाहेर दार वाजायला लागलं. माझं दार सरकवायचं आहे. कोणीतरी ते ढकलत होतं. मी जाऊन सरकवलं तर दारात इनुईसाहेब, हातात मोठी बॅग, कपाळाला घाम. मागे किनुएताई, प्रवासाचा तपकिरी कोट घालून.

"गाडीला वेळ आहे," ताई म्हणाल्या. "म्हटलं, इतकी वर्षं या दुकानाची कीर्ती ऐकतेय, एकदा खाऊन जावं. हे तर नेहमीच येतात."

साहेब माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत असा काही भाव होता की कोणालाही दया आली असती. मला आली नाही.

"या, या साहेब!" मी मोठ्यानं म्हटलं. "तुमची नेहमीचीच जागा ना?"

"हो," ते म्हणाले. "नेहमीचीच." आणि बूट न काढता वर चढले.

बूट काढवले. नेहमीची जागा म्हणून ते जिथे बसले ती माझ्या तांदळाच्या पोत्याची होती. तिथून उठवून जेवायच्या फळीपाशी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. पलीकडे सेंदाईहून आलेल्या दोन कॉलेजच्या मुली पेज खात होत्या. त्यांनी साहेबांना ओळखलं आणि आनंदानं वाकल्या. सकाळी साहेबांनीच त्यांना पाठवलं होतं.

मी दोघांसमोर वाट्या ठेवल्या. भाजलेल्या चहाच्या पाण्यात शिजलेले तांदूळ, वर रताळ्याच्या फोडी, शेजारी लोणच्याच्या तीन चकत्या. "काही विशेष नाही," मी म्हटलं. "गोड मानून घ्या."

दोघं जेवायला लागली. साहेब पहिला चमचा घेऊन थांबले. दुसरा घेतला, पुन्हा थांबले. ताई खाली वाटीत बघून खात होत्या, पण त्यांचा उजवा कान त्यांच्या नवऱ्याकडे होता. मला ते स्पष्ट दिसत होतं. साहेबांनी रीतीप्रमाणे माझ्या पेजेला 'वा' म्हटलं असतं तर ताई जेवून, हात जोडून, गोजोच्या गाडीत बसल्या असत्या आणि पुन्हा आल्या नसत्या. हे मला कळत होतं. आणि कळत असूनही मी विचारलं, कारण गिऱ्हाइकाला विचारायचं असतं, आणि माझ्यात थोडा दुष्टपणाही आहे.

"कशी झालीय, साहेब?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. टाय सरळ केला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण चहाची पुरचुंडी उशिरा काढलीत."

माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर. वीस वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. "काय म्हणालात?"

"तांदूळ फुटायच्या आधी काढायला हवी. तुम्ही फुटल्यावर काढलीत, म्हणून मागे कडवट लागतं. घरी आधी काढतात." ते मला सांगत होते, पण बघत होते वाटीकडे. "रताळंही या दिवसांत जाड चिरतात घरी. नवीन वर्ष झालं की बारीक. तोवर ते गोड झालेलं असतं, म्हणून. मला ताप असला की मीठ चिमूटभर जास्त असतं. आणि आई गेली त्या सकाळी पेजेत काहीच नव्हतं. मीठसुद्धा नव्हतं. नुसती पेज. मला तेव्हा काही गिळवत नव्हतं, ती तेवढी गेली. तशी मी कुठे खाल्ली नाही. घरची याच्यापेक्षा चांगली आहे, फुसाएबाई. पुष्कळ चांगली आहे."

चुलीवरचं पाणी उकळून वर येत होतं, ते मी उतरवलं.

मग सेंदाईच्या मुलींपैकी धीट होती ती म्हणाली, "आजोबा, पण सकाळी तर तुम्ही म्हणालात, गावात सगळ्यात चांगली पेज इथेच मिळते!"

"सकाळी मला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी इथे आज पहिल्यांदाच जेवतोय. कुठल्याच दुकानात मी जेवलेलो नाही. मी घरीच जेवतो."

अकरा वर्षांची अब्रू त्यांनी माझ्या फळीवर अशी काढून ठेवली. मुली तोंडावर हात धरून बसल्या. पण मी किनुएताईंकडे बघत होते. त्या पटकन माझ्याकडे वळल्या, चेहरा लाल, आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाल्या, "फुसाए, मनावर घेऊ नकोस हो! यांचं काहीतरीच. आमच्याकडे काय असतं? काही म्हणजे काही नसतं..."

"खोटं आहे ते," साहेब म्हणाले.

"अहो, लोकांसमोर काय..."

"खोटं आहे."

ताईंनी चमचा ठेवला. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

साहेबांनी खरोखर विचार केला. पार्सल तोलताना करत असतील तसा. "घरच्या माणसाला काय सांगायचं? त्याला माहीत असतं. आणि बाहेरच्याला घरचं चांगलं सांगायचं नसतं," ते म्हणाले. "मग सांगायला उरलं कोण?"

"मी उरले ना," किनुएताई म्हणाल्या. "मी उरले होते की हो."

आणि त्या रडायला लागल्या. तोंड न झाकता, लहान मुलीसारख्या, माझ्या दुकानात, परक्या मुलींसमोर. साहेबांनी खिसे चाचपले, रुमाल सापडला नाही, म्हणून त्यांनी गळ्यातला टाय काढला आणि बायकोच्या हातात दिला. त्यांना बिनटायचं मी प्रथमच पाहिलं. गळा अगदी बारीक आहे त्यांचा.

मी आत गेले. मला कांदा चिरायचा होता. कांद्याची भाजी त्या दिवशी नव्हती, पण चिरला.

गोजोची गाडी दोनच्या आत जाते. त्या दोघांना मी तीन वाजता, दुकान बंद करायचं म्हणून, उठवून बाहेर काढलं. तोवर ताईंनी मला पुरचुंडी कधी काढायची ते दोनदा समजावून सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली होती, मनातून चरफडत. बोळाच्या तोंडाशी स्टेशन उजवीकडे आहे. बॅग साहेबांच्या हातात होती आणि ते डावीकडे वळले, ताकाबाताकेच्या चढाकडे. ताई चार पावलं मागून चालत होत्या, आणि मला ऐकू आलं, त्या विचारत होत्या, "अहो, जाड म्हणजे केवढं जाड आवडतं तुम्हाला?"